थकलो म्हणायची मोकळीक

विमान कंपनीतलं काम समजून घ्यायचं तर वैमानिकाच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या बघण्यापेक्षा त्याचं रोस्टर वाचावं. मोबाइलच्या पडद्यावर मावणारा एक तक्ता असतो तो. तारीख, रिपोर्टिंगची वेळ, सेक्टर (एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचं एक उड्डाण), मुक्काम, स्टँडबाय (बोलावणं येईल म्हणून तयार राहणं), ऑफ. दिवाळीला घरी असणार की नाही, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला जाता येणार की नाही, आज भरदुपारी पडदे ओढून झोपायचं की नाही, हे सगळं त्या तक्त्यात ठरलेलं असतं. आणि तो तक्ता वैमानिक लिहीत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत सीनियॉरिटीच्या क्रमाने वैमानिक आपल्या पसंतीच्या ड्यूट्या मागून घेतात आणि ती पद्धत युनियनच्या करारात बांधलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक खासगी कंपन्यांत सॉफ्टवेअर रोस्टर बनवतं आणि क्रू कंट्रोलमध्ये, म्हणजे ड्यूट्या सांभाळणाऱ्या कक्षात, बसलेला माणूस ते रोज दुरुस्त करत राहतो. कंपनी आणि वैमानिक यांच्यातले जवळजवळ सगळे तंटे शेवटी या तक्त्यापाशी येतात. पगाराचेसुद्धा.

एक दिवस घेऊन बघू. रिपोर्टिंग पहाटे साडेचारला, पहिलं उड्डाण साडेपाचला. चार सेक्टर, प्रत्येकी दीड तासाचे, मधे तीन वेळा चाळीस-चाळीस मिनिटांचा टर्नअराउंड, म्हणजे पुढच्या उड्डाणाची तयारी. चाकांपुढचे अडणीचे ठोकळे, म्हणजे चॉक, काढल्यापासून ते पुन्हा लागेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तो झाला सहा तास. शेवटचं विमान थांबलं दुपारी दीडला, म्हणजे फ्लाइट ड्यूटी पिरियड नऊ तासांचा. पण साडेचारला विमानतळावर हजर राहायचं तर कंपनीची गाडी तीन-सव्वातीनला दारात येते, आणि गजर अडीचचा लावावा लागतो. रात्री साडेदहाला पाठ टेकली तरी झोप चार तास. त्यात डिसेंबरातलं दिल्लीचं धुकं आलं आणि विमान गेटवरच दोन तास अडकलं, तर ड्यूटी अकरा तासांची होते. ब्लॉक मात्र सहाच राहतो. उड्डाणाचा भत्ता ब्लॉकच्या तासांवर मिळतो. अडकलेल्या दोन तासांत प्रवासी चिडलेले असतात, इंधनाचा हिशेब पुन्हा करावा लागतो, शेवटच्या सेक्टरला आपण मर्यादेत बसतो की नाही हे कॅप्टन मनातल्या मनात मोजत असतो. त्या श्रमाचा मोबदला बहुतेक करारांत कुठेच लिहिलेला नसतो.

म्हणूनच वैमानिकाच्या करारात ‘हमीचे तास’ हा शब्द पगाराच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो. महिन्याला अमुक तासांचा पैसा, उड्डाण होवो न होवो, नक्की मिळेल, अशी ती हमी. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्ताराची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, ती याच मुद्द्यावर. एअर इंडियात विलीन होण्याआधी नवा करार पुढे आला, त्यात ७० ऐवजी ४० तासांची हमी होती. जास्त उडालात तर जास्त मिळेल, असं कंपनीचं म्हणणं. पण किती उडायचं हे रोस्टर ठरवणार, आणि रोस्टर कंपनीच्या हातात. महिन्याचा हप्ता ठरलेला असलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. अनेक वैमानिकांनी आजारी असल्याचं कळवलं, कंपनीला उड्डाणं कमी करावी लागली.

हे खान्देशात बसून लिहावंसं वाटतं याचं कारण आपल्या आकाशात आहे. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं शिकाऊ मुलांना घेऊन घिरट्या घालतात. १९२८ मध्ये सुरू झालेली ही संस्था, जे. आर. डी. टाटांनी हवाई शिक्षण घेतलं ती. शिरपूरला विमानचालनाची अकादमी आहे. जळगावच्या विमानतळावर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या योजनेतून फ्लाइंग स्कूलं आली. चोपडा, यावल, शिंदखेड्याकडची मुलं आता वैमानिक व्हायचं म्हणतात तेव्हा कुणी हसत नाही. गावात अभिमानाने सांगतात, आप्पांचा पोऱ्या पायलट व्हयना. पण पुढे त्या पोराला कुठल्या नोकरीत, कुठल्या अटींवर उभं राहायचं आहे, हे आप्पांना कुणी सांगत नाही. फ्लाइंग स्कूलचं माहितीपत्रक गणवेशाचा फोटो दाखवतं. रोस्टर दाखवत नाही.

आता रात्रीबद्दल, कारण सगळ्यात खोल दुखणं तिथे आहे.

पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर सर्वांत खाली गेलेलं असतं. तापमान उतरतं, प्रतिक्रिया मंदावते, आकडा वाचून तो समजायला क्षणभर जास्त लागतो. विमान वाहतुकीत या चार तासांना ‘विंडो ऑफ सर्केडियन लो’ म्हणतात. तुम्ही दिवसा कितीही झोपलेले असा, ही खिडकी चुकत नाही. रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी द्यायला मोटार चालू करून बांधावर उभं राहणाऱ्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत तर घराघरात माहीत आहे. तिथल्या लोको पायलटांच्या बायका-मुलांना ‘कॉल आला’ या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक असतो: रात्रीचे दोन असोत, डबा भरायचा, आणि उद्या दुपारी माणूस परत आला की घरात आवाज करायचा नाही. बाहेरच्या स्टेशनावरच्या रनिंग रूममधली झोप आणि घरची झोप एक नाही, हेही त्यांना कळतं. वैमानिकाचा लेओव्हर, म्हणजे बाहेरगावचा मुक्काम, हॉटेलात असतो, गादी मऊ असते, पण हिशेब तोच आहे.

भारतात वैमानिकाच्या कामाच्या मर्यादा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवतं. सात दिवसांत ३५ तास उड्डाण, २८ दिवसांत १००, वर्षात १००० ही वरची हद्द. याशिवाय एका दिवसाच्या ड्यूटीची मर्यादा लँडिंग वाढल्या की आखडते, आणि ड्यूटी पहाटेच्या त्या खिडकीत शिरली की आणखी आखडते. ८ जानेवारी २०२४ ला डीजीसीएने नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. ‘रात्र’ आधी मध्यरात्रीपासून पाचपर्यंत होती, ती सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या ड्यूटीत आधी सहा लँडिंग करता येत, त्या दोनवर आणल्या. रात्रीच्या ड्यूटीत उड्डाण आठ तास आणि ड्यूटी दहा तास, याहून जास्त नाही. कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याचा अहवाल द्यायचा, त्यात काय कारवाई केली तेही लिहायचं. १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते हे नियम. कंपन्यांनी वेळ मागितला, तारीख पुढे गेली. वैमानिकांच्या संघटनांची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात होती, आणि शेवटी दोन टप्पे ठरले: काही कलमं १ जुलै २०२५ पासून, रात्रीच्या लँडिंगसारखी अवघड कलमं १ नोव्हेंबर २०२५ पासून.

पुढे काय झालं ते देशाने पाहिलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे ढीग लागले, लग्नाला निघालेली कुटुंबं फरशीवर झोपली. त्या दिवसांत अनेकांनी नव्या नियमांना दोष दिला. मला तो दोष पटत नाही. नियम जवळजवळ दोन वर्षं आधी छापला गेला होता, आणि त्यामागचं गणित शाळकरी आहे. एक विमान दिवसाला १२ तास उडतं असं धरा. वर्षाचे झाले ४३८० तास. एका वैमानिकाची वरची हद्द १०००. म्हणजे एका विमानामागे कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) यांच्या किमान साडेचार जोड्या, त्याही प्रत्येकाला हद्दीपर्यंत पिळलं तर. रजा, सिम्युलेटरची तपासणी, वैद्यकीय तपासणी, स्टँडबाय, आजारपण धरून एकेक माणूस वर्षाला ७५० तास उडतो असं मानलं, तर जवळपास सहा जोड्या लागतात. रात्रीच्या लँडिंग सहावरून दोनवर आल्या की रात्री उडणाऱ्या ताफ्याला याहूनही जास्त माणसं लागणार, हे कुठल्याही शेड्युलिंगवाल्याला दिसतं. आणि कॅप्टन वर्षभरात तयार होत नाही. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्यालाच १५०० तासांचं उड्डाण लागतं, त्यानंतर कमांडचं प्रशिक्षण. माणसं आधी घ्यायला हवी होती, एवढी साधी गोष्ट.

डीजीसीएने मग इंडिगोला रात्रीच्या काही कलमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. प्रवाशांची गैरसोय थांबवण्यासाठी ते केलं गेलं, हे खरं. पण ज्या वैमानिकांनी वर्षानुवर्षं या नियमांसाठी पत्रं लिहिली, न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, त्यांना त्यातून काय कळलं असेल? विश्रांतीचा नियम अडचणीच्या आठवड्यात बाजूला ठेवता येतो, हे. इंजिनातल्या तेलाची पातळी कमी असताना उडायची सूट कुणी मागत नाही आणि मागितली तरी मिळणार नाही. झोप त्याच यादीतली गोष्ट आहे, हे अजून आपल्या व्यवस्थेच्या गळी उतरलेलं नाही.

ती का त्याच यादीतली, याचा पुरावा मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या, धावपट्टीच्या टोकाला आहे. २२ मे २०१० ला पहाटे सहाच्या सुमारास दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टी संपवून दरीत गेलं. १६६ जणांपैकी १५८ गेले. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरच्या दोन तासांच्या नोंदीत पहिला जवळजवळ एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला होता, घोरण्याचा आवाज ऐकू येतो. झोपेतून उठल्यावर मेंदू पूर्ण जागा व्हायला वेळ लागतो. उतरताना विमान फार उंच आणि वेगात होतं. फर्स्ट ऑफिसरने तीनदा ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं. कॅप्टनने ऐकलं नाही, आणि फर्स्ट ऑफिसरनेही नियंत्रण हातात घेतलं नाही.

७ ऑगस्ट २०२० च्या कोझिकोड अपघाताचा अहवाल याहून सविस्तर आहे आणि प्रत्येक शेड्युलिंग विभागाच्या भिंतीवर लावावा असा आहे. भर पावसात, मागून वारा असताना विमान उतरवलं गेलं; धावपट्टीची जवळजवळ निम्मी लांबी संपल्यावर चाकं टेकली. २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह. इथेही फर्स्ट ऑफिसरच्या तोंडून गो-अराउंड निघालं होतं, फार उशिरा. अहवालात मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ मात्र हवामानाची नाही, मनुष्यबळाची आहे. कोझिकोड तळावर तेव्हा फर्स्ट ऑफिसर २६ होते आणि कॅप्टन एकच. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्याच कॅप्टनच्या नावावर लागलेलं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर सकाळचं उड्डाण अडलं असतं. तपासकर्त्यांनी हे दडपण नोंदवलं आहे. उतरण्याच्या त्या निर्णयात रोस्टर लिहिणाऱ्याचा हात कॅप्टनच्या हाताशेजारी होता, असंच मी ते वाचतो.

मग थकलेल्या वैमानिकाने करायचं काय? कागदावर उत्तर सोपं आहे. ड्यूटीच्या आधी स्वतःला तपासायची ‘आय एम सेफ’ नावाची यादी प्रत्येकाला पाठ असते: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, खाणं. एक जरी उत्तर खटकलं तर उडायचं नाही. क्रू कंट्रोलला फोन करायचा, ‘फटीग’, म्हणजे थकवा, अशी नोंद द्यायची आणि नंतर अहवाल भरायचा. चांगला अहवाल कसा असतो? त्यात मागच्या ७२ तासांतली झोप तासावार लिहिलेली असते, कुठे झोपलात तेही. रिपोर्टिंगच्या वेळी सलग किती तास जागे होता ते असतं. कॅरोलिन्स्का मोजपट्टीवर, एक म्हणजे पूर्ण टवटवीत आणि नऊ म्हणजे डोळे उघडे ठेवायला झगडावं लागतंय, यातला आपला आकडा असतो. रोस्टरमध्ये शेवटच्या क्षणी झालेले बदल वेळेसह असतात. कंपनीने कबूल केलेलं हॉटेल मिळालं नाही, शेजारच्या खोलीत वरात उतरली होती, हेही लिहावं. ‘फार थकलो होतो’ एवढंच लिहिलेला अहवाल फायलीत जातो आणि तिथेच राहतो, कारण त्यातून कुठल्या ड्यूटीची रचना बदलायची ते कळत नाही.

अडचण पुढे आहे. फोन उचलणारा क्रू कंट्रोलर स्वतः बारा तासांच्या शिफ्टवर असतो, त्याच्यासमोर एक रिकामी सीट आणि १८० प्रवासी असतात. तो शिव्या देत नाही. तो विचारतो, ‘सर, नक्की फटीग की सिक?’ सिक म्हटलं तर सिक लीव्ह कापली जाते आणि प्रश्न मिटतो. फटीग म्हटलं तर चौकशी: आधीच्या विश्रांतीत काय केलंत, बाहेरगावी गेला होतात का, बेस मॅनेजरला येऊन भेटा. काही ठिकाणी पुढच्या महिन्यात त्याच माणसाच्या वाट्याला पहाटेच्या ड्यूट्या जास्त येतात. सिद्ध करता येत नाही, पण क्रू रूममध्ये सगळे मोजत असतात. मग नवा फर्स्ट ऑफिसर लवकरच शिकतो की थकलो म्हणण्यापेक्षा ताप आला म्हणणं सोयीचं. एकदा असं झालं की थकव्याचा आकडा कंपनीच्या नोंदीत शून्याजवळ दिसतो, डीजीसीएकडे जाणारा तिमाही अहवाल स्वच्छ दिसतो, आणि जी ड्यूटी माणसं मोडत आहे ती रोस्टरमध्ये जशीच्या तशी राहते. ‘जस्ट कल्चर’ नावाचं धोरण प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे, प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीला शिक्षा नाही असं त्यात लिहिलेलं असतं. ते जिवंत आहे की नाही हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे: वर्षाभरात किती फटीग रिपोर्ट आले, आणि त्यांतल्या किती अहवालांमुळे एखादी ड्यूटी खरोखर बदलली.

फर्स्ट ऑफिसरचा आवाज कॉकपिटमध्ये कितपत चालतो, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्या घरात मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे वळण लहानपणापासून. नानांसमोर खुर्चीत न बसणारा मुलगा पंचविशीत पन्नाशीच्या कॅप्टनशेजारी बसतो, आणि त्याच्याकडून अपेक्षा असते की पाचशे फुटांवर त्याने ठाम आवाजात ‘गो-अराउंड’ म्हणावं, आणि ऐकलं नाही तर हात पुढे करून कंट्रोल घ्यावा. क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या वर्गात हे पायरीपायरीने शिकवतात: आधी निरीक्षण सांगा, मग चिंता सांगा, मग पर्याय सांगा, मग कृती करा. वर्ग चांगले असतात. पण ज्या कंपनीत जमिनीवर प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवलं जातं, तिथे हवेत अचानक तो बोलेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

जमिनीवर बोलण्याचं जुनं साधन म्हणजे संघटना. सरकारी काळात एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड होती, इंडियन एअरलाइन्समध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. २००७ ला दोन्ही कंपन्या एक झाल्या, पगार आणि बढतीच्या याद्या मात्र एक झाल्या नाहीत. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये गिल्डने ड्रीमलायनर या नव्या विमानांचं प्रशिक्षण कुणाला, यावरून ५८ दिवस काम थांबवलं, आणि शंभरएक वैमानिक बडतर्फ झाले. या दुसऱ्या संपाबद्दल माझं मत कडवट आहे. एका गटाच्या वैमानिकांनी दुसऱ्या गटाला विमानापासून लांब ठेवण्यासाठी केलेला तो झगडा होता. त्याने संघटनेबद्दलची सहानुभूती घालवली ती परत आली नाही. खासगी क्षेत्रात जेट एअरवेजच्या वैमानिकांनी २००९ ला संघटना काढली, दोघांना काढून टाकलं गेलं, सप्टेंबरमध्ये शेकडो जण एकदम आजारी पडले. तडजोड झाली. दहा वर्षांनी, १७ एप्रिल २०१९ ला, जेटचं शेवटचं उड्डाण झालं तेव्हा त्याच वैमानिकांचे महिन्यांचे पगार थकलेले होते.

एकदम आजारी पडण्याची ही रीत का आली, हे कायद्यात बघावं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात प्रवासी हवाई वाहतूक ही सार्वजनिक उपयोगाची सेवा होती, त्यामुळे नोटीस दिल्याशिवाय संप बेकायदा ठरायचा. जिथे मान्यताप्राप्त संघटनाच नाही तिथे नोटीस कोण देणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपाची व्याख्या आणखी रुंद झाली आहे: निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह घेतली तर तोही संप. बोलायची दारं अशी एकेक करून बंद झाली की माणूस राजीनामा देतो. तेही दार सरळ उघडत नाही. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. या देशात दुसऱ्या किती नोकऱ्यांत सरकारी नियमाने वर्षभर थांबावं लागतं? २०२३ मध्ये आकासा या विमान कंपनीचे चाळीसहून जास्त वैमानिक नोटीस पुरी न करता गेले तेव्हा कंपनी उच्च न्यायालयात गेली. उड्डाणं रद्द झाली, प्रवासी अडकले, ते वाईटच. पण वर्षभर कुणाला धरून ठेवायचं तर ते वर्ष त्याला सुसह्य करण्याची जबाबदारीही कंपनीवर येते.

या सगळ्यावर लोक म्हणतात, एवढा पगार घेतात, मग कुरकुर कसली? आपल्या भागातल्या घरांनी तरी असं म्हणू नये, कारण तो पगार सुरू होण्याआधी काय गहाण पडतं ते आपल्याला माहीत आहे.

सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, रात्रीचे तास वेगळे, ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण) वेगळी. सगळा खर्च पन्नास-साठ लाखांच्या घरात जातो, त्यावर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची पात्रता. कागदावर दीड वर्षात होणारं हे काम खान्देशात रेंगाळण्याची कारणं ठरलेली आहेत. पावसाळ्यात ढग खाली येतात. उन्हाळ्यात जळगावला ४४ अंश तापलेल्या दुपारी हवा इतकी विरळ होते की समुद्रसपाटीपासून साडेआठशे फुटांवर असलेल्या धावपट्टीवर विमानाला साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. चार आसनी सेस्ना धापा टाकत चढते, म्हणून उड्डाणं पहाटे आणि संध्याकाळी. शिवाय एखादं विमान सुट्या भागासाठी उभं, प्रशिक्षक सोडून गेलेला, परीक्षेचा निकाल लांबलेला. प्रत्येक महिन्याचं व्याज घरावर चढतं. ६० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता ८२ हजारांवर जातो. तारण म्हणून सातबारा बँकेत.

आता हाच मुलगा कंपनीत लागला. प्रशिक्षणाचा बाँड (मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची हमी) त्याच्या डोक्यावर, सहा महिन्यांची नोटीस, हमीचे तास चाळीस, हप्ता ठरलेला. पहाटे अडीचला त्याला जाणवतं की आज डोकं चालत नाही. त्याने फोन करून थकलो म्हणायला हवं. तो फोन करेल की नाही हे त्याच्या धैर्यावर सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. केळीच्या बागेचा तुकडा बँकेकडे असताना धैर्याची किंमत एकट्या त्या पोराने का मोजावी? फोन केल्यावर त्या महिन्याचे पैसे कापले जाणार नाहीत, एवढी एक ओळ करारात असली तरी कितीतरी फोन केले जातील.

म्हणून ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी या वाटेवर आहे, त्यांनी सहीआधी करार वकिलाकडून वाचून घ्यावा आणि काही गोष्टी बोट ठेवून विचाराव्यात. हमीचे तास किती, आणि स्टँडबायचे किती धरतात. बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते. कंपनीने काढून टाकलं तरी बाँड भरावा लागतो का. टाइप रेटिंग झालं पण विमानच ताफ्यात आलं नाही, तर वाट बघण्याच्या महिन्यांत पगार मिळतो की नुसतं विद्यावेतन. फटीग म्हणून सोडलेली ड्यूटी सिक लीव्हमध्ये धरतात का. नोटीसच्या काळात हमीचे तास चालू राहतात का. रोस्टर किती दिवस आधी मिळतं आणि जाहीर झाल्यावर ते बदलायला वैमानिकाची संमती लागते का.

आणि परवाना गमावल्याचा विमा. वैद्यकीय तपासणीत कान, डोळा, साखर, हृदयाची पट्टी, कशातही दोष निघाला तर ‘टेम्पररी अनफिट’चा शिक्का बसतो आणि त्या दिवसापासून उड्डाण बंद. तीन महिने, सहा महिने, कधी कायमचं. हप्ता मात्र बंद होत नाही. कंपनीचा गटविमा असेल तर तो किती महिन्यांनी सुरू होतो, मानसिक आजार त्यात धरला आहे का, पहिल्या वर्षात लागू आहे का, हे लेखी घ्यावं. नसेल तर पहिल्या पगारातून स्वतःचा काढावा, आणि विम्याची रक्कम निदान बाकी कर्जाएवढी ठेवावी.